लॅपलँडची आमरी, कॉलेज रोडवर बसून: ऑनलाइन हर्बेरियमचा रिव्ह्यू

रेटिंग आधी देऊन टाकते म्हणजे घाईतले लोक मोकळे. ५ पैकी ४. एक पैसा लागत नाही, नुसतं बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही, आणि नाशकात बसून फिनलंडच्या जंगलातली शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उपटलेली आमरी, म्हणजे ऑर्किड, मुळांसकट बघायला मिळते, आता याच्यावर अजून काय पाहिजे. एक स्टार कापलाय तो का, ते पुढे येईलच.

रिव्ह्यू कशाचा ते नीट सांगते, कारण हर्बेरियम म्हटलं की निम्म्या लोकांना ती नर्सरी वाटते. हर्बेरियम म्हणजे वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवून ठेवलेल्या झाडांचा संग्रह. बीएस्सीला बॉटनी घेतलेल्यांनी जी फाइल केलेली असते ना, गावकरी नाहीतर देशदूतच्या रद्दीत झाड घालायचं, रद्दी गादीखाली, गादीवर धाकटा भाऊ, तोच प्रकार, फक्त शेकडो वर्षं टिकेल असा आणि लाखांच्या हिशोबात. लंडनच्या क्यू गार्डनकडे ७० लाखांच्या आसपास नमुने आहेत, आपल्याकडे हावड्याच्या सेंट्रल नॅशनल हर्बेरियममध्ये २० लाखांच्या घरात. पूर्वी हे बघायचं तर तुम्ही संशोधक पाहिजे, पत्रव्यवहार पाहिजे, तिकडे जायला पैसे पाहिजेत. आता बऱ्याच संस्थांनी कागद स्कॅन करून नेटवर टाकलेत, आणि त्या सगळ्यांच्या नोंदी एका जागी शोधायची सोय म्हणजे जीबीआयएफ, ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी. २००१ पासून चालू आहे, ऑफिस कोपनहेगनला, आणि अब्जावधी नोंदी आहेत. मी मुख्यतः तिथनं सुरू करते आणि तिथनं त्या त्या म्युझियमच्या साइटवर जाते, तर हा रिव्ह्यू त्या सगळ्या प्रकाराचा आहे असं समजा.

टेस्टसाठी मुद्दाम असं झाड घेतलं जे मी जंगलात बघायची काही शक्यता नाही. कॅलिप्सो बल्बोसा, वर म्हटलेली लॅपलँडची आमरी ती हीच. या जीनसमध्ये ही एकटीच, दुसरी बहीण नाही. पसरलीय मात्र उत्तरेला पृथ्वीभर, स्वीडन, फिनलंड, रशिया, जपान, कॅनडा, अमेरिका, पण जिथे आहे तिथे जुन्या सूचिपर्णी जंगलातल्या ओल्या शेवाळात दबून बसलेली, वीतभर उंची, एक पान, एक फूल, संपला संसार. आणि हिचं वेळापत्रक तर आपल्या डोक्यावरनं जाणारं आहे. आपली अंजनेरीवरची हबेनेरिया आमरी कशी, पहिला दुसरा पाऊस झाला की जमिनीतनं वर, आषाढ-श्रावणात फुलली की दिवाळीपर्यंत गायब. हिचं पान उगवतं हिवाळ्याच्या तोंडावर, अख्खा हिवाळा बर्फाखाली हिरवं राहतं, बर्फ वितळला की मे-जूनमध्ये फूल येतं आणि मग ऐन उन्हाळ्यात पान वाळून जातं. निफाडचा पारा ४ वर गेला की आपल्याकडे पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो, आणि ही बाई वर हवेत उणे तीस असताना खाली पान सांभाळून बसलेली असते.

फूल गुलाबी, खालचा ओठ फुगीर पिशवीचा, पुढे दोन छोटी शिंगं, आणि ओठावर पिवळट केसांचा झुबका. तो झुबका म्हणजे सरळसरळ फसवणूक आहे, परागकण असल्याचा आव आणायचा, मध तर नाहीच. नुकत्याच बाहेर पडलेल्या, अजून अनुभव नसलेल्या बंबलबी माश्या फसतात, एक-दोनदा फसल्या की शहाण्या होतात आणि परत फिरकत नाहीत, तेवढ्यात काय परागण होईल तेवढं. जॉन म्यूर, अमेरिकेत नॅशनल पार्कसाठी लढला तो निसर्गलेखक, १८६४ मध्ये कॅनडात दलदलीत एकटा भटकताना त्याला ही दिसली आणि तो तिच्याशेजारी बसून चक्क रडला, आणि त्यावर जे लिहिलं ते १८६६ मध्ये छापून आलं, तेच त्याचं पहिलं छापील लिखाण.

आता मुद्द्यावर येते. शोधायचं कसं. वर नाव टाका, डावीकडे फिल्टर येतात, त्यात बेसिस ऑफ रेकॉर्डमध्ये जाऊन प्रिझर्व्ह्ड स्पेसिमेन निवडा, नाहीतर लोकांनी मोबाइलवर काढलेले फोटो आणि म्युझियममधले कागद सगळं एकत्र येतं. मग मीडिया टाइपमध्ये स्टिल इमेज. झालं. एक गोष्ट फार आवडली, जुनं नाव टाकलं तरी चालतं. झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवणारा स्वीडनचा लिनियस, त्याने १७५३ मध्ये हिला सिप्रिपेडियम बल्बोसम म्हटलं होतं, पिशवी बघून तिकडे, पिशवीवाल्या लेडीज स्लिपर आमऱ्यांत, टाकली असणार, आजचं नाव १८४२ चं आहे. तर ते सिप्रिपेडियम टाइप केलं तरी साइट तुम्हाला बरोबर आजच्या नावापाशी आणून सोडते. ज्यांनी एकाच झाडाची तीन-तीन नावं पाठ केलीत त्यांना याची किंमत कळेल. आणि हो, लिनियसच्या स्वतःच्या संग्रहाचे फोटोही नेटवर फुकट आहेत. तो वारल्यावर १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ नावाच्या पंचविशीच्या आतल्या इंग्रज मुलाने अख्खा संग्रह विकत घेऊन लंडनला नेला, आणि १७८८ मध्ये लिनियन सोसायटी काढली, आज तो संग्रह त्यांच्याकडेच आहे.

एक शीट जवळनं सांगते. फिनलंडमधल्या कूसामो भागातली, तिकडेच ते औलांका नॅशनल पार्क आहे ज्याच्या चिन्हावर हीच आमरी आहे. कागद पिवळा पडलेला, त्यावर चार झाडं. चारही मुळांसकट, खाली जमिनीतला छोटा कंद, कंदाला मागच्या वर्षीच्या कंदाचं वाळकं शेपूट अजून चिकटलेलं. चारातलं एक झाड मुद्दाम पालथं लावलंय म्हणजे पानाची मागची बाजूही बघता यावी, हे ज्याने केलं त्याला मनातल्या मनात नमस्कार केला मी. पानावर उभ्या घड्या, झूम करत गेलं की घड्यांमधल्या शिरा वेगवेगळ्या दिसतात. देठ कागदाच्या बारीक पट्ट्यांनी दाबलेला. एका फुलाची पिशवी दाबताना तिरकी पडलीय, त्यामुळे तो झुबक्याचा भाग, जो एरवी समोरनं बघावा लागतो, तो बाजूने दिसतो. कोपऱ्यात कागदाचं पाकीट, त्यात गळून पडलेले तुकडे ठेवतात, फेकत नाहीत. शेजारी रंगांची पट्टी, सेंटिमीटरची पट्टी, बारकोड.

माझी भाची बाजूला बसली होती, ती म्हणाली, "मावशी, हे तर फ्रिजमध्ये विसरलेल्या मेथीसारखं दिसतंय." खरंय. गुलाबी रंगाचं नावनिशाण नाही, सगळं तपकिरी. आमऱ्या वाळवायला मुळातच अवघड, पानं-कंद रसाळ, लवकर वाळत नाहीत, काळे पडतात, काही लोक आधी उकळत्या पाण्यात बुडवून मग दाबतात. आणि फुलाची सगळी गंमत त्याच्या खोलीत असते ती कागदावर चपटी होऊन जाते, म्हणून नीट काम करणारे संग्राहक एखादं फूल वेगळं स्पिरिटच्या बाटलीत ठेवतात. तेव्हा सुंदर आमरी बघायची म्हणून कोणी इथे येणार असेल तर नका येऊ, निराशा होईल, फोटोंसाठी दुसऱ्या हजार जागा आहेत.

इथे यायचं ते लेबलसाठी. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चिकटवलेला तो चिठोरा. कुठे मिळाली, कुठल्या तारखेला, कुठल्या जंगलात, चुनखडीची जमीन का दलदल, लेग. म्हणजे कोणी गोळा केली, डेट. म्हणजे कोणी ओळखली. कधी कधी खाली दुसऱ्या शाईत दुसऱ्याने पन्नास वर्षांनी येऊन नाव बदललेलं, आधीचं लेबल फाडायचं नाही, बाजूला नवीन चिकटवायचं असा नियमच आहे. म्हणजे एका कागदावर दोन-तीन पिढ्यांचं भांडण अगदी सभ्यपणे चाललेलं असतं. मला हे बघायला प्रचंड आवडतं, तासन्‌तास जातात.

आणि हे नुसतं हौशीचं नाही. इंग्लंडमध्ये एका आमरीवर, ऑफ्रिस स्फेगोडिसवर, २०११ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. १८४८ ते १९५८ मधल्या ७७ वाळलेल्या नमुन्यांच्या लेबलवरच्या तारखा घेतल्या, त्या त्या वर्षीच्या वसंतातल्या तापमानाशी लावून बघितल्या, आणि दिसलं की सरासरी तापमान १ डिग्रीने वाढलं की ही सुमारे ६ दिवस आधी फुलते. पुढे प्रत्यक्ष झाडांपाशी जाऊन मोजलेल्या नोंदींशीही ते जुळलं. ज्यांनी ती झाडं गोळा केली त्यातल्या कोणाच्या स्वप्नातही हवामानबदल नव्हता, त्यांनी फक्त तारीख नीट लिहिली. मी स्वतः महिन्याचा फिल्टर लावून कॅलिप्सोच्या नोंदी बघितल्या तर मे-जूनची गर्दी लगेच दिसते, आणि उत्तरेकडच्या लेबलांवर तारीख पुढे सरकत जाते, हे काही कोणी शिकवायला लागत नाही, नकाशा आणि तारीख शेजारी ठेवली की आपोआप कळतं.

आता स्टार कापल्याची कारणं. पहिलं, सगळ्या कागदांचे फोटो नाहीत, बऱ्याच ठिकाणी नुसती एक ओळ, नाव-गाव-वर्ष, खाली फोटो नाही, जिथे आहे तिथे कधी कधी छोटासा. दुसरं, जीबीआयएफवरनं मूळ म्युझियमच्या साइटवर गेलं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एका साइटवर, नाव नाही घेत, झूम करायला गेलं की चक्र फिरत बसतं आणि मग पान कोरं, आमच्याकडचं वायफाय म्हणावं तर बाकी सगळं धडाधड चालू होतं. तिसरं, अक्षर. जुनी लेबलं हाताने लिहिलेली, स्वीडिश, फिनिश, लॅटिन, रशियन, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायची सवय असलेल्या केमिस्टलाही घाम फुटेल असली. काही संस्था टाइप करून देतात, काही देत नाहीत. चौथं, नकाशावरचा ठिपका बघून लगेच विश्वास ठेवायचा नाही. जुन्या लेबलवर नुसतं जिल्ह्याचं किंवा परगण्याचं नाव असतं, मग कोणीतरी नंतर अंदाजाने बिंदू टाकलेला असतो, साइट तशा नोंदींवर सूचना लावते ती वाचायची.

ठिपक्यावरनंच, काही दुर्मिळ झाडांच्या जागा मुद्दाम धूसर केलेल्या असतात, खरी जागा दाखवतच नाहीत. काही लोक यावर चिडतात, मी नाही. इंग्लंडातली लेडीज स्लिपर आमरी, सिप्रिपेडियम कॅल्सिओलस, लोकांनी बागेसाठी आणि संग्रहासाठी उपटून उपटून इतकी संपवली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपलीच असं धरलं होतं, मग १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये एकच झाड सापडलं. एक! ते कुठे आहे हे कित्येक वर्षं गुपित ठेवलं, राखण केली, आणि मग क्यूमध्ये प्रयोगशाळेत रोपं वाढवून परत लावायचं काम झालं. आणि खरं सांगायचं तर हर्बेरियमवालेही यात अगदी धुतल्या तांदळाचे नाहीत. जुन्या शीट बघताना एकाच कागदावर डझनभर झाडं कंदासकट चिकटवलेली दिसतात तेव्हा पोटात कालवतं. कॅलिप्सोला आता युरोपियन युनियनच्या हॅबिटॅट्स डायरेक्टिव्हचं, म्हणजे तिकडच्या निसर्गरक्षणाच्या कायद्याचं, संरक्षण आहे, तेव्हा तसं काही नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्यात अंजनेरी-हरिहरला जाऊन कंदीलपुष्पाचा रील टाकतात आणि खाली लोकेशन जोडतात, त्यांना ही यॉर्कशायरची गोष्ट कोणीतरी सांगा. त्यातलंच एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये शास्त्राला नव्याने कळली, नावातच अंजनेरी आहे, अजून काय पत्ता द्यायचाय.

ही आमरी बघून कोणाला कुंडीत लावायची हौस आली असेल तर आत्ताच थांबा. नेटवर दुर्मिळ ऑर्किडचं बी म्हणून पाकिटं विकतात, निळ्या-जांभळ्या एडिट केलेल्या फोटोंसकट. आमरीचं बी म्हणजे धूळ असते, त्यात अन्नाचा साठाच नसतो, जमिनीतल्या ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं, नाहीतर लॅबमध्ये जेलीत वाढवावं लागतं. कोकोपीटमध्ये टाकून रोज पाणी घातलंत तर उगवेल ते तण. कॅलिप्सो तर तिकडच्या लोकांनी जंगलातनं उचलून बागेत लावली तरी बहुतेक मरते, बुरशीचं नातं तुटतं ना. त्यात सगळ्या आमऱ्या साइटीसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, कमीत कमी दुसऱ्या परिशिष्टात, तेव्हा परदेशातनं कागदपत्रांशिवाय कंद मागवणं हा वेगळाच उद्योग होऊन बसेल.

उत्तरेकडची एक आमरी मात्र नाशकात आत्ताही मिळते बरं का, काष्ठौषधीच्या दुकानात, सालमपंजा म्हणून. हिमालयातली डॅक्टिलोरायझा हटागिरिया, तिचे वाळवलेले कंद, बोटं फुटलेल्या हातासारखे. कंद काढला म्हणजे झाड गेलं, आणि हा माल कुठल्या डोंगरातला, कोणी कधी खणला, जंगलातला का शेतातला, बरणीवर काही नसतं, फक्त भाव असतो. हेच नाव जीबीआयएफवर टाका, हिमालयातल्या उंचीसकट लेबलं येतात. एकच झाड, दोन्हीकडे मेलेलं आणि वाळलेलंच, पण एकाचा कागद शंभर वर्षांनी कामाला येतो आणि दुसऱ्याचं दुधातनं पिऊन झालं की संपलं.

आपल्या भागाचं काय हे विचारणारच तुम्ही. नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर बीएसआयने, म्हणजे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाने, १९९१ मध्ये जाडजूड काम प्रसिद्ध केलंय, आणि पश्चिम घाटातल्या आमऱ्यांचे कागद बघायचे तर पुण्याला बीएसआय, आघारकर इन्स्टिट्यूट, मुंबईला झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम. बीएसआयने इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम म्हणून भारतातल्या कागदांची वेगळी साइटही केलीय, तिथे आपल्या सीतेच्या वेणीपासून शोधायला सुरुवात करा, मजा येते. आणि मग आपल्या कॉलेजच्या फायली आठवा. झाड बरं वाळवलेलं, चिकटवलेलं सुंदर, आणि लेबलवर काय, तर स्थळ: नाशिक. अख्खा तालुका मोकळा. गंगापूर धरणाचा काठ का ब्रह्मगिरीची उतरण, कातळावर होतं का झाडावर, कुठल्या झाडावर, फुलं कुठल्या रंगाची होती, काही नाही, आणि तारीख सबमिशनच्या आदल्या दिवसाची, तीही सगळ्या पानांवर तीच! सर-मॅडमनी मार्क कापायचे असतील तर इथे कापा असं माझं स्पष्ट मत आहे, चिकटवण्याला कमी द्या आणि लेबलला जास्त द्या. रंग तर लिहायलाच पाहिजे, कारण वर सांगितलं तसं वाळल्यावर सगळं मेथी. आणि आमरी असेल तर अख्खी उपटू नका, फोटो काढा, कंद जमिनीत राहू द्या, प्रॅक्टिकलला टाकळा आणि घाणेरी ढिगाने मिळते.

वापरायच्या दोन-चार गोष्टी सांगते आणि थांबते. मोबाइलवर बघू नका, झूम करताना बोट दुखतं आणि लेबल वाचताच येत नाही, लॅपटॉप घ्या. शीटचा फोटो पूर्ण साइजला उतरवला तर फाइल चांगलीच मोठी असते, मोबाइलच्या डेटावर असाल तर जपून. प्रत्येक फोटोखाली लायसन्स लिहिलेलं असतं, काही पूर्ण मोकळे, काहींना नाव द्यावं लागतं, काही धंद्यासाठी वापरायचे नाहीत, ते बघूनच स्टेटसला नाहीतर पोस्टरवर टाका. साइट मराठीत नाही, पण इंग्रजी साधं आहे, भाचीने दहावीच्या इंग्रजीवर निभावलं. सगळ्या नोंदी एकत्र डाउनलोड करायच्या तर मात्र अकाउंट काढावं लागतं, तेही फुकट, आणि प्रत्येक डाउनलोडला स्वतंत्र डीओआय नंबर, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो, प्रोजेक्टवाल्या पोरांनी रिपोर्टात तो नंबर टाकायचा, सोर्स म्हणून नुसतं गूगल लिहून सुटका करून घ्यायची नाही.